मित्र म्हणतात 'जाळ अन् धूर संगटच', बाहेर कुणी ऐकेना: एका अल्बम ट्रॅकचं पोस्टमॉर्टम

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या दत्तवाडीतला एकवीस वर्षांचा पोरगा, सात गाण्यांचा मराठी रॅप अल्बम घरीच रेकॉर्ड करून टाकलाय. त्यातलं चौथं गाणं त्याच्या मते सगळ्यात भारी, मित्र म्हणतात जाळ अन् धूर संगटच, पण महिनाभरात नऊशे प्ले आणि खाली कमेंट दोन. एक 'स्टॅनची कॉपी', म्हणजे पुण्याचाच रॅपर एमसी स्टॅन, दुसरी 'मराठीत रॅप शोभत नाही'. तर दादा, मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवणं, चुकलं का?

भावा, मी गाणं चार वेळा ऐकलं. एकदा स्टुडिओत, एकदा गाडीत, एकदा इअरफोनवर आणि एकदा फोन ओट्यावर ठेवून, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. मिक्स वाईटच आहे, त्यावर येतो नंतर, पण मिक्समुळे गाणं पडलेलं नाहीये. मी सिंहगड रोडला दहा बाय बाराच्या खोलीत चौदा वर्षं हेच काम करतोय आणि माझ्याकडे येणारी निम्मी पोरं 'दादा मिक्स बघ ना' म्हणत येतात आणि दुखणं निघतं वहीत.

तुझी पहिली व्हर्स, म्हणजे कडवं, मी कागदावर उतरवून घेतली. सोळा बार, म्हणजे सोळा ओळी, त्यातले अकरा क्रियापदावर संपतात. करतो, मरतो, ठरतो, सरतो, भरतो, हरतो. मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, त्यामुळे हे यमक आपल्याला फुकटात मिळतं, आणि फुकटात मिळतं म्हणूनच ऐकणाऱ्याला त्याची किंमत नसते, दुसऱ्या बारलाच कानाला कळतं की आता पुढे 'तो' येणार आणि मग तो कान उठून निघून जातो. यातून आपले जुने लोक कसे सुटले बघ. मोठ्या अभंगाचा चरण म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. मोजून बघ बोटांवर. यमक शेवटी नाहीच, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात आहे, विटेवरी-कटावरी, आणि दोन्ही नामं आहेत, क्रियापद मागे ढकललंय शेवटच्या चार अक्षरांत जिथे यमक लागतच नाही. शिवाय त्या चार अक्षरांनंतर दोन अक्षरांची जागा मोकळी सुटते, तिथे टाळ वाजतो आणि माणूस श्वास घेतो. तुझ्या अख्ख्या व्हर्समध्ये श्वासाची जागा नाहीये, तू प्रत्येक दोन ओळींना पंच-इन मारलंय, म्हणजे थांबून तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड केलंय, ते मला ऐकू येतं, स्टेजवर हे गाणं तुला एका दमात म्हणता येणार नाही, म्हणून दाखव हवं तर.

आता गणित. तुझी बीट ९० बीपीएमची, मिनिटाला ९० ठोके. म्हणजे चार ठोक्यांचा एक बार साधारण २.६७ सेकंदांचा, त्यात सोळा खाने. तू काही बारमध्ये एकोणीस-वीस अक्षरं कोंबलीयेस. कोंबायला हरकत नाही, वेगात म्हणणारे म्हणतात, पण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ असतं बाबा. इंग्रजीत शब्दातल्या एका जागी जोर द्यायचा असतो, त्यांचा फ्लो त्या जोरावर बसतो. आपल्याकडे जोर फारसा नसतो, लांबी असते. तू इंग्रजी फ्लो डोक्यात ठेवून मराठी शब्द त्यात भरलेत, म्हणून हूकमध्ये, म्हणजे धृपदात, 'पूऽणे' झालंय. पुण्यात जन्मलेला माणूस 'पूऽणे' म्हणतो का कधी? 'पु' आखूड, 'णे' लांब. कमेंटवाल्याला हे शब्दांत मांडता आलं नाही, त्याने लिहिलं 'मराठीत रॅप शोभत नाही'. खरं तर त्याला खटकलं ते तुझं मराठी, जे कुणी बोलत नाही.

उपाय साधा आहे. बीट बंद कर, व्हर्स मित्राला नुसती सांग, म्हणजे खरंच सांग, कट्ट्यावर बसून एखादा किस्सा सांगतो तशी. जिथे जीभ अडखळते किंवा तुलाच लाज वाटते ती ओळ खोटी आहे. मी हे सगळ्यांना करायला लावतो आणि सगळे आधी माझ्यावर चिडतात.

स्टॅनच्या कमेंटचं बोलू. एमसी स्टॅन ताडीवाला रोडचा, त्याचं रॅप बरंचसं हिंदीत आहे, पण ती हिंदी पुण्याच्या त्या वस्तीची आहे, 'शेमडी' हा आपल्या शाळेच्या मैदानातला शब्द त्याने २०२३ च्या फेब्रुवारीत बिग बॉस जिंकेपर्यंत देशभरच्या घराघरांत पोचवला. त्याच्याकडून घ्यायचं होतं ते हे. तू घेतलंस काय तर ऑटोट्यून, आवाज सुरात ओढणारं, तेही सगळ्यात जलद सेटिंगवर, आणि गाण्याची स्केल न टाकता, त्यामुळे दुसऱ्या व्हर्समध्ये आवाज दोन सुरांच्या मध्ये उड्या मारतोय. ऑटोट्यून १९९७ सालचं सॉफ्टवेअर आहे, ते कुणाच्या बापाचं नाही, जरूर वापर. पण दत्तवाडीचा पोरगा असून तीन मिनिटांत दत्तवाडीतली एकही गोष्ट नाही? आहे, एक आहे, आणि ती तू कुठे लपवलीस तर तिसऱ्या व्हर्सच्या शेवटी:

'आजीच्या भिंतीवर ओल, तिथवर आंबिल ओढा.'

मी हे चौथ्यांदा ऐकलं तेव्हा कुकर बंद केला. २५ सप्टेंबर २०१९ ची ती आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र ज्यांनी अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या पट्ट्यात काढलीये त्यांना पुढचं काही सांगायला लागत नाही. क्रियापद नाही, यमक नाही, उपमा नाही. ही ओळ हूक आहे भावा. तू तिला शेवटी गाडलीस आणि हूकमध्ये 'आपला टाईम, आपली गेम' ठेवलंस. असली ओळ तर दर महिन्याला माझ्याकडे येते.

तुला एक खरी गोष्ट सांगतो, नाव नको. भवानी पेठेतला एक पोरगा, त्याचा नऊ गाण्यांचा अल्बम मी केला. त्यातलं पाचवं गाणं त्याच्या आईवर होतं, आई मेसचे डबे करायची, सकाळी चारला उठून दीडशे-दोनशे पोळ्या. बीट त्याने यूट्यूबवरनं उचलून आणली होती, 'टाईप बीट', म्हणजे कुणा नावाजलेल्याच्या धर्तीची तयार बीट, शोधून, आणि ठीकच होती. मी म्हटलं, आई पोळ्या करते तो आवाज आण. फोनवरच रेकॉर्ड करून आणला. त्यात लाटण्याची घरघर, बांगड्या, आणि पोळपाट. पोळपाटाचा एक पाय झिजलेला, त्यामुळे लाटताना तो डगमगायचा, ठक्… ठक, दुसरा ठोका किंचित उशिरा. तोच आम्ही स्नेअरच्या, म्हणजे ड्रममधल्या त्या कडक ठोक्याच्या, जागी लावला. पोरगा लगेच क्वांटाइझ करायला निघाला, म्हणजे सगळे ठोके ग्रिडवर सरळ बसवायला. हात धरला मी त्याचा. जे डिला नावाचा डेट्रॉइटचा प्रोड्युसर होता, २००६ मध्ये गेला, त्याची अर्धी जादू हीच की त्याचे ड्रम ग्रिडच्या थोडे मागेपुढे असायचे, माणसाने वाजवल्यासारखे. आम्हाला ती गोष्ट एका झिजलेल्या पायाने फुकट दिली होती, ती सरळ कशाला करायची?

बीट मग आम्ही त्या ठोक्यावर नव्याने बांधली, ८८ बीपीएम, आईचा वेग तेवढाच होता. खाली ८०८ चा बेस. आता हा ८०८ म्हणजे मुळात रोलँड कंपनीचं १९८० चं ड्रम मशीन, तीनेक वर्षांत बंद पडलं, सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळायला लागलं म्हणून हिपहॉपवाल्यांच्या हाती लागलं, आणि त्याचा तो लांब घुमणारा किक आज सगळ्या गाण्यांचा बेस होऊन बसलाय. तो सुरात लावावा लागतो, ड्रम म्हणून नाही तर तंबोऱ्यासारखा विचार कर. आमचा होता एफ शार्प या सुरावर, म्हणजे साधारण ४६ हर्ट्झ. स्टुडिओत छातीत घुमत होता, आम्ही खूष.

मग पोराने घरी जाऊन आईला फोनवर ऐकवलं, फोन पिठाच्या डब्याला टेकवून. आई म्हणाली, 'नुसती टिकटिक ऐकू येतीये.' बरोबर होती ती माउली. फोनचा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो, ४६ तिथे नाहीच. मग करायचं काय तर त्या बेसला सॅच्युरेशन द्यायचं, थोडा खरखरीतपणा, म्हणजे त्याच्या पटीतले सूर तयार होतात, ९२, १३९, १८५, २३१ आणि वर, आणि फोनवर वरचे ऐकू आले की कान मूळचा सूर स्वतःच्या मनाने भरून काढतो. ही काही अंधश्रद्धा नाही, कानाचं काम असंच चालतं. तुझ्या गाण्यात नेमकं हेच झालंय, बेस शुद्ध आणि गोल, म्हणून फोनवर तू एकटाच हवेत बडबडतोयस.

आई आणखी एक बोलली होती. 'हा पोळपाट माझा नाही, शेजारच्या काकूंचा वाटतोय.' मी हसलो, मग माझ्याच लक्षात आलं की मी इक्यू लावून त्याचा मधला लाकडी आवाज काढून टाकला होता, व्हॉइसला जागा करायला. परत घातला. व्हॉइस थोडा बाजूला सरकवला. माझ्या चौदा वर्षांत मला मिळालेली ती सगळ्यात अचूक मिक्स नोट.

गाणं आलं तेव्हा काहीही झालं नाही. अल्बममधलं पाचवं गाणं कोण ऐकतो? जो पहिल्या चारला कंटाळला नाही तो. पोराने प्रमोशन पहिल्या गाण्याचं केलं होतं, व्हिडिओ त्याचा, पोस्टर त्याचं. पाचवं पडून होतं. दोनेक महिन्यांनी कुणीतरी एमपीएससीवाल्याने स्टेटसला तिसऱ्या व्हर्समधले आठ सेकंद ठेवले, 'डबा धुऊन पाठवा, रिकामा नका पाठवू.' हूक नव्हे, पंच नव्हे, पोराने बार भरायचा म्हणून टाकलेली ओळ. पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मेसचा डबा खाऊन दिवस काढणाऱ्या पोरांना ती अशी लागली की एकाकडनं दुसऱ्याकडे गेली. पुढच्या शोला, पन्नास-साठ माणसं असतील, हूकला सगळे मान डोलवत उभे, आणि त्या ओळीला अख्खा हॉल ओरडला. पोरगा स्टेजवर पुढची ओळ विसरला.

म्हणून प्लेचा आकडा बघू नकोस म्हणणार नाही, बघ, पण सोबत सेव्ह किती झालं ते बघ, आणि लोक कुठली ओळ तुला परत ऐकवतात ते बघ. तुझ्या दोन कमेंटपेक्षा ती माहिती मोठी आहे. तुझ्या मित्रांना विचार, गाणं न लावता, एक ओळ म्हणून दाखवा. कुणाला आठवली तर कळव.

आकड्यांचंच निघालंय तर, तुझ्या गाण्याला सुरुवातीला ४१ सेकंद पाऊस आहे. स्पॉटिफाय ३० सेकंद ऐकल्याशिवाय स्ट्रीम धरत नाही. म्हणजे पावसाच्या पहिल्या ३० सेकंदांतच जे पळाले ते मोजलेच गेले नाहीत, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याला रॉयल्टीही नसते. पाऊस आठ सेकंद ठेव. तेवढ्यात ओला होतो माणूस.

दुसरं, लाउडनेस. तू लिमिटरवर, म्हणजे आवाजाची टोकं दाबणाऱ्या यंत्रावर, गाणं चेचून काढलंयस, मला वाटतं कुणीतरी सांगितलं असणार की मोठ्याने वाजलं की भारी वाटतं. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला आणून ठेवतं, हे लाउडनेस मोजायचं माप. तुझं उणे ६ च्या आसपास आहे, म्हणजे ते तुझा आवाज खाली ओढणार, आणि चेचल्याचा तोटा तेवढा तुझ्याकडे राहणार. किकची धार गेलीये ती अशी.

व्हॉइसबद्दल. मराठीतला 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च वेगळा. चाकातला दाताला घासून येतो, माइकवर तो पाच ते आठ किलोहर्ट्झमध्ये सुरीसारखा कापतो, आणि तुझ्या व्हर्समध्ये असे च आणि ज ढिगाने आहेत. डीएसर, म्हणजे असे घासणारे आवाज दाबणारा इफेक्ट, लाव, पण सगळीकडे एकसारखा नको, नाहीतर बोबडा होशील, जिथे टोचतं तिथे हाताने कमी कर. भ, फ, ख ला हवा बसते माइकवर, तोंड जरा तिरकं ठेव. आणि खोलीचा घुमारा जाण्यासाठी भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवू नकोस, त्याने काही होत नाही. दोन जाड गोधड्या टांगायच्या, एक पाठीमागे, एक बाजूला. पाठीमागची जास्त महत्त्वाची, कारण माइक तुझ्याकडे तोंड करून असतो आणि तुझ्या मागची भिंत बघत असतो.

आता जरा गंभीर. एक मिनिट बारा सेकंदाला जो लावणीचा तुकडा वाजतो तो कुठनं आणला? जुन्या बाजारात घेतलेल्या तबकडीवरनं असेल तर तबकडी तुझी, आवाज तुझा नाही. सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा, घेताना परवानग्या दोन लागतात, एक त्या रेकॉर्डिंगच्या मालकाची, एक शब्द आणि चाल ज्यांची त्यांची. पाच सेकंद फुकट चालतात ही निव्वळ थाप आहे. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि कवी-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गाणं चालत नाही तोवर कुणी विचारत नाही, चाललं की त्याच आठवड्यात विचारतात. मी एकदा असा फसलोय, तेही सॅम्पलमध्ये नाही, साध्या टाईप बीटमध्ये. भाड्याने घेतलेली बीट, रीतसर पैसे भरलेले, पण तीच बीट आणखी शंभर जणांनी घेतलेली, त्यातल्या एकाने स्वतःचं गाणं व्हिडिओतला आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत टाकलं आणि आमच्या व्हिडिओवर क्लेम आला, कमाई त्याच्याकडे. सोडवायला तीन महिने गेले, तेवढ्यात गाणं थंड. लायसन्सचा कागद जपून ठेव, आणि जमलं तर ढोलकीवाला बोलव. पुण्यात ढोलकी वाजवणारा सापडत नाही असं म्हणू नकोस, गल्ली सोडून बघ जरा. दोन तासांत तुला हवा तो तोडा मिळेल आणि तो दुसऱ्या कुणाकडे नसेल.

'पोवाडा म्हणजेच आपलं रॅप' हे तू तुझ्या वर्णनात लिहिलंयस. हे वाक्य मला आता नको झालंय. हिपहॉप न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं, ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डमधला नुसत्या ड्रमचा तुकडा लांबवून लोकांना नाचवलं तिथनं त्याची गोष्ट सांगतात, ती त्यांची आहे, त्यांच्याकडेच राहू दे. पोवाडा दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, रॅप बहुतेक वेळा 'मी' सांगतं. पण पोवाड्यातलं एक उचल, झीलकरी. शाहिराच्या मागे उभे राहून 'जी रं जी' करणारे. अ‍ॅडलिब म्हणजे दुसरं काय असतं? तुझे अ‍ॅडलिब सगळे 'स्कर्र', 'येह', 'ब्र्रा'. तुझ्या मित्रांना खोलीत घे, तिघांना, आणि ओढ्याच्या ओळीनंतर त्यांना जे सुचेल ते बोलू दे, दत्तवाडीत पाणी शिरल्यावर लोक जे बोलले ते. तीन माइक नको, एकच मध्ये ठेव, त्यांना मागे उभं कर.

आणि अल्बमचा क्रम बदल. पहिली तीन गाणी एकाच चालीची, तिन्ही १४० च्या ट्रॅपवर, मग हे ९० चं चौथं, कान तोवर सुन्न झालेला असतो. हे दुसरं कर. तिसरं गाणं, ते गाडीवालं, काढूनच टाक. सात म्हणजे काही आठवड्याचे वार नाहीत, सहाचाही अल्बम होतो.

हूक नवीन लिहून झालं की स्टेम, म्हणजे प्रत्येक आवाजाची वेगळी फाइल, पाठव, २४ बिटची वेव्ह, सगळ्या फाइल शून्यापासून सुरू होणाऱ्या, व्हॉइसवर एकही इफेक्ट नको, ऑटोट्यूनसुद्धा नको, ते मी बघतो. नाहीतर रविवारी सकाळी दहाच्या आत ये, दहानंतर वरच्या मजल्यावर ढोल पथकातला पोरगा ताशाची तर्री घोटायला बसतो आणि मग आपलं काही खरं नाही. येताना एक गोधडी आण, माझी धुवायला टाकलीये. आणि आजीला विचारून ठेव, पाणी आलं तेव्हा पहिलं काय उचललं होतं घरातलं.